झेर्सच्या शेतकरी गावात बिऱ्हाड करताना

तुलूझला विमान उद्योगात नोकरीसाठी आलेल्या मराठी घरांत काही वर्षांनी एक विषय हमखास निघतो. शहरातलं भाडं वाढत चाललंय, आठवड्यातले काही दिवस काम घरूनच असतं, मग पश्चिमेला झेर्स जिल्ह्यात एखादं दगडी घर का बघू नये? आम्ही बघितलं आणि राहिलोही. तेव्हापासून ओळखीचे आणि ओळखीच्यांचे ओळखीचे तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

झेर्स हा जुन्या गास्कोन्य प्रांताच्या मधोमध असलेला जिल्हा. क्षेत्रफळ सव्वासहा हजार चौरस किलोमीटर आणि वस्ती एक लाख नव्वद हजारांच्या आसपास. जिल्ह्याचं ठिकाण ओश. कारखाने फारसे नाहीत, शेती हाच मुख्य धंदा. फोटोत दिसणारी सूर्यफुलं कोणाचं तरी पीक असतात आणि पहाटे घरघरणारा ट्रॅक्टर कोणाचं तरी ऑफिस. सुट्टीतलं फ्रान्स शोधत आलेला माणूस इथे लवकर वैतागतो. दुसऱ्यांच्या कामाच्या जागेत राहायला आलोय हे ओळखून येणाऱ्याचं बरं चालतं. पुढची प्रत्येक पायरी या ना त्या प्रकारे याच गोष्टीशी येऊन भिडते.

१. आधी जमीन बघा, मग गाव, मग घर

दक्षिणेला पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी लानमेझां नावाचं पठार आहे. तिथून साव, झिमोन, आरात्स, झेर्स, बाईझ या नद्या पंख्याच्या काड्यांसारख्या उत्तरेकडे पसरतात, आणि दर दोन नद्यांच्या मध्ये एक लांबलचक टेकडी. त्यामुळे उत्तर-दक्षिण प्रवास दरीतून सरळ होतो. पूर्व-पश्चिम जायचं तर चढा, उतरा, पुन्हा चढा. नकाशावर जवळ दिसणारी शाळा मधल्या टेकडीपलीकडे असेल तर थंडीत, धुक्यात, रोज दोनदा तो रस्ता कापायचाय हे लक्षात घ्या. घराच्या जाहिरातीतले किलोमीटर बघू नका, मिनिटं मोजा.

टेकडीच्या माथ्यावरच्या गावांत वारा लागतो, पण ऊन मिळतं आणि हवा स्वच्छ असली की पिरेनीजची बर्फाळ रांग दिसते. ती फारच जवळ दिसली तर पाऊस येणार, असं इथले म्हातारे सांगतात. खालच्या दरीतली गावं वाऱ्यापासून वाचतात, पण हिवाळ्यात दिवसचे दिवस धुकं बसतं आणि कुठे कुठे पुराची भीती असते. जिल्ह्याच्या पूर्व भागात आग्नेयेकडून ओतां नावाचा वारा येतो. तो सुरू झाला की दारं आपटतात, डोकं दुखतं, आणि बेकरीत सगळे त्याच्याबद्दलच बोलतात.

माती दोन प्रकारची. तेरफोर म्हणजे चिकट, भारी, चुनखडीची माती: पावसाळी दिवसांत बुटाला किलोकिलोने चिकटते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. बुल्बेन म्हणजे हलकी, गाळाची माती. परसात भाजी लावणार असाल तर हा फरक महत्त्वाचा आहेच, पण घराच्या पायासाठी त्याहून जास्त. ते पुढे सांगते.

आता भाग. पूर्वेकडे लील-झुर्दँ, झिमों, सामातान: गहू, सूर्यफूल, बदकं, आणि तुलूझ जवळ. ओश-तुलूझ रेल्वे लील-झुर्दँ आणि झिमोंवरून जाते, त्यामुळे शहरात नोकरी असेल तर हाच पट्टा बघा. उत्तरेला लोमान्य: पांढरा लसूण आणि लेक्तूरची खरबुजं. पश्चिमेला आर्मान्याकचे द्राक्षमळे, मका, ओकची झाडी. दक्षिणेला आस्ताराक: डोंगराळ, गुरंढोरं, घरं स्वस्त, आणि सगळं लांब.

गाव पसंत पडलं की जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी दुपारी तिथे जाऊन या. जुलैमध्ये प्रत्येक गाव सुंदर असतं. जानेवारीत चौकात कोणी दिसतं का, बेकरी अजून चालू आहे का, शाळेतून आवाज येतो का, हे कळतं. सोबत या गोष्टी तपासा:

- घराच्या आत मोबाईलला रेंज येते का. दोन फूट जाडीच्या दगडी भिंतीत अंगणातली रेंज पोचत नाही. दूरसंचार नियामक आर्सेपच्या संकेतस्थळावर पत्त्यानुसार नकाशे आहेत.
- फायबर थेट त्या घरापर्यंत आलंय का. गावात आलंय एवढं ऐकून थांबू नका.
- डॉक्टर, फार्मसी, शाळा, स्टेशन, पेट्रोल पंप गाडीने किती मिनिटांवर.
- शेजारी बदकांचे किंवा कोंबड्यांचे गोठे आहेत का, आणि वारा कुठून वाहतो.

शेवटची गोष्ट दलाल आपणहून सांगत नाहीत.

२. घर: आधी भाड्याने राहा

माझं स्पष्ट मत: पहिलं वर्ष भाड्याने काढा. चारही ऋतू बघितल्याशिवाय विकत घेऊ नका. खेड्यात भाड्याची घरं कमी असतात आणि चांगली घरं जाहिरातीत येण्याआधीच तोंडी जातात. म्हणून ग्रामपंचायतीत, बेकरीत, शाळेच्या दारात विचारून ठेवा. काही ग्रामपंचायतींच्या मालकीची घरंही भाड्याने दिली जातात, जुन्या शाळेच्या किंवा पाद्रीबाबांच्या इमारतीत. ती बहुधा नीट राखलेली असतात.

भाड्यासाठी लागणारी फाईल:

- पासपोर्ट आणि व्हिसा किंवा राहण्याचा परवाना
- नोकरीचा करार आणि मागच्या 3 महिन्यांच्या पगारपावत्या
- आयकराची शेवटची नोटीस. पहिल्या वर्षी ती नसते, तेव्हा तसं पत्र कंपनीकडून घ्या
- आधीच्या घराच्या भाड्याच्या पावत्या
- जामीनदार, अटींत बसत असाल तर विझाल ही मोफत हमी
- किल्ली घेण्याआधी घराचा विमा, तो भाडेकरूला सक्तीचा आहे

घराला ऊर्जेचा दर्जा असतो, ‘ए’ ते ‘जी’. 2025 पासून ‘जी’ दर्जाची घरं नव्याने भाड्याने देता येत नाहीत. ‘एफ’ घर स्वस्त मिळतं, पण वाचलेले पैसे हिवाळ्यात हीटरमध्ये जळतात. आत शिरताना घराच्या अवस्थेची यादी मालकासोबत खोलीगणिक लिहिली जाते. तिथे भिडस्तपणा नको. ओल, तडा, तुटकी खिडकी, सगळं लिहून आणि फोटो काढून ठेवा, नाहीतर निघताना अनामत रकमेतून कापून घेतात.

विकत घेणार असाल तर झेर्समध्ये पहिला शत्रू म्हणजे ती चिकणमाती. उन्हाळ्यात ती आकसते, पावसात फुगते, आणि उथळ पायाची घरं तडकतात. दाराच्या चौकटीवर तिरक्या, पायऱ्यांसारख्या उतरत जाणाऱ्या भेगा दिसल्या तर सावध व्हा. ताजा गिलावा एकाच कोपऱ्यात दिसला तर अधिक सावध व्हा. जेओरिस्क या सरकारी संकेतस्थळावर पत्ता टाकला की मातीचा धोका कळतो. दुष्काळाने घर तडकलं तर विमा कंपनी तेव्हाच पैसे देते जेव्हा सरकार त्या गावासाठी नैसर्गिक आपत्ती जाहीर करतं, आणि ते दरवेळी होतं असं नाही.

दुसरी गोष्ट सांडपाणी. वस्तीबाहेरच्या घरांना गटार नसतं, स्वतःची मैलाटाकी असते. तिची तपासणी स्पांक नावाचं स्थानिक खातं करतं. विक्रीच्या वेळी तपासणीचा अहवाल 3 वर्षांपेक्षा जुना चालत नाही. टाकी नियमात बसत नसेल तर खरेदीनंतर वर्षभरात ती दुरुस्त करणं खरेदीदाराच्या गळ्यात पडतं. हा खर्च काही हजार युरोंचा असतो, तेव्हा भाव करताना तो आधीच वजा करून बोला.

घराबरोबर शेतजमीन येत असेल तर साफेर ही संस्था मध्ये येते. शेतजमीन शेतकऱ्याच्याच हातात राहावी म्हणून 1960 च्या कायद्याने ती उभी राहिली, आणि तिला ती जमीन आधी विकत घेण्याचा हक्क आहे. नोटरी तिला कळवतो आणि उत्तराची वाट बघावी लागते. घाबरण्यासारखं काही नाही, पण महिना-दोन महिने हिशेबात धरा. प्राथमिक करार झाल्यावर खरेदीदाराला 10 दिवसांत कारण न देता माघार घेता येते. जुन्या घरावर नोटरीचा आणि करांचा मिळून खर्च किमतीच्या 7 ते 8 टक्के पडतो.

आणि खिडक्यांना मनाजोगता रंग द्यायची घाई करू नका. बाहेरून घराचं रूप बदलणार असेल तर ग्रामपंचायतीत आधी अर्ज द्यावा लागतो. गावात संरक्षित चर्च किंवा गढी असेल आणि तुम्ही तिच्या 500 मीटरच्या टापूत असाल तर सरकारी वास्तुतज्ज्ञाचं मतही घेतलं जातं. त्या टापूत निळा कुठला चालेल हे ते सांगतात.

३. पहिल्याच आठवड्यात मेरीत जा

मेरी म्हणजे ग्रामपंचायत. फ्रान्समध्ये अशा जवळपास 35 हजार ग्रामपंचायती आहेत, आणि शंभर-दीडशे वस्तीच्या गावालाही स्वतःचा सरपंच असतो. कार्यालय मात्र आठवड्यातून दोन-तीन अर्धे दिवसच उघडतं. वेळ दारावर लिहिलेली असते.

नाव नोंदवण्याची सक्ती फ्रान्समध्ये नाही, म्हणून बरेच नवे लोक तिकडे फिरकतच नाहीत. तुम्ही जा. सचिवबाईंना नमस्कार करा, कुठलं घर घेतलं ते सांगा आणि हे विचारा: कचऱ्याचे दिवस आणि डबे कुठले, मोठ्या कचऱ्याच्या केंद्राचं कार्ड कसं मिळतं, शाळेची बस कुठे थांबते, घराचा अधिकृत पत्ता काय. शेवटचा प्रश्न वेडगळ वाटेल, पण परवापरवापर्यंत इथल्या बहुतेक घरांना रस्ता आणि नंबर नव्हता, नुसतं वाडीचं नाव असायचं. 2022 च्या कायद्याने लहान गावांनाही रस्त्यांना नावं आणि घरांना नंबर देणं भाग पडलं. तुमच्या वीजबिलावर जुना पत्ता आणि बँकेत नवा असला की प्रत्येक अर्ज अडतो, तेव्हा पहिल्या दिवसापासून एकच लिहा.

गावाच्या नावाची पाटी उलटी लावलेली दिसली तर चोरांचा खोडसाळपणा समजू नका. 2023 च्या शरद ऋतूत तार्न जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी निषेध म्हणून पाट्या उलट्या करायला सुरुवात केली आणि ते लोण देशभर पसरलं.

ऑनलाइन सरकारी अर्जांत अडकलात तर जवळच्या फ्रान्स सर्व्हिस केंद्रात जा. कर, आरोग्य विमा, परवाने, पेन्शन या सगळ्याला तिथली माणसं शेजारी बसून मदत करतात, फुकट.

४. कागदांची फाईल भारतातूनच तयार करून आणा

जन्मदाखला आणि विवाहदाखला, दोन्ही अपोस्टिल करून, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी प्रमाणशिक्का मारून. भारत 2005 पासून अपोस्टिलच्या करारात आहे, म्हणून दूतावासाचे जादा शिक्के लागत नाहीत. भाषांतर मात्र फ्रान्समधल्या न्यायालयाच्या यादीतल्या भाषांतरकाराकडून करून घ्या. भारतात केलेलं भाषांतर पुष्कळदा परत येतं. दाखल्यावर आईवडिलांची पूर्ण नावं हवीत. जुन्या दाखल्यात मुलाचं नावच नसेल, आणि असे दाखले आपल्याकडे खूप आहेत, तर नगरपालिकेतून नवा काढून आणा.

दीर्घ मुदतीचा व्हिसा आल्यापासून 3 महिन्यांच्या आत ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो, शुल्क भरून. हे राहिलं तर तुमचा मुक्काम बेकायदा ठरतो. पुढचं नूतनीकरण मुदत संपण्याच्या 4 ते 2 महिने आधी. ओशच्या प्रेफेक्चरमध्ये, म्हणजे परवाने देणाऱ्या जिल्हा कार्यालयात, मोठ्या शहरांइतकी गर्दी नसते, हा खेड्यात राहण्याचा एक न सांगितलेला फायदा. ‘व्हिझितर’ व्हिसावर आलेल्याला फ्रान्समध्ये नोकरी करता येत नाही. शेतावर द्राक्षं तोडायला गेलात तर तेही कामच आहे.

५. गाडी आणि लायसन, ज्यात लोक सगळ्यात जास्त अडकतात

झेर्सच्या गावात गाडीशिवाय राहणं म्हणजे दुसऱ्याच्या दयेवर राहणं. बस शाळेच्या वेळा सांभाळते, तुमच्या नाही.

भारतीय लायसन फ्रान्समध्ये राहायला आल्यावर एक वर्ष चालतं, सोबत अधिकृत भाषांतर हवं. त्यानंतर ते निरुपयोगी, कारण ते फ्रेंच लायसनशी बदलून मिळत नाही. विद्यार्थ्यांचे नियम वेगळे. नोकरदार माणसाला परीक्षा पहिल्यापासून द्यावी लागते, पुण्यात वीस वर्षं चालवलेली असली तरी. म्हणून पहिल्याच महिन्यात ड्रायव्हिंग स्कूलचं दार ठोठवा, कारण प्रत्यक्ष परीक्षेची तारीख मिळायला वेळ लागतो.

लेखी परीक्षेत 40 प्रश्न असतात, 35 बरोबर यावे लागतात, आणि ती फ्रेंचमध्ये असते. रस्त्याची भाषा वेगळीच असते, तिचा दोन-तीन महिने सराव करा. त्यानंतर गियरच्या गाडीवर किमान 20 तास शिकवणी, ऑटोमॅटिकवर 13. ऑटोमॅटिकचं लायसन घेतलं तर 3 महिन्यांनी 7 तासांचा वर्ग करून गियरची परवानगी मिळते. घाईत असाल तर हा रस्ता मला शहाणपणाचा वाटतो.

उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य, या नियमावर आपले लोक हमखास नापास होतात. पाटी नसलेल्या चौकात उजव्या बाजूच्या फुटकळ गल्लीतून येणारा खटारा ट्रॅक्टरसुद्धा तुमच्या आधी जातो. लाल काठाची गावाच्या नावाची पाटी दिसली की वेगमर्यादा 50, तिथे वेगळी पाटी लागत नाही. गावाबाहेर दुपदरी रस्त्यावर सहसा 80.

लायसन मिळेपर्यंत एक पळवाट आहे. ताशी 45 किलोमीटरच्या वर न जाणाऱ्या छोट्या गाड्या मिळतात. ज्यांचा जन्म 1988 च्या आधीचा आहे त्यांना त्या चालवायला लायसन लागत नाही, विमा मात्र लागतो. नंतर जन्मलेल्यांना छोटं प्रशिक्षण घ्यावं लागतं. द्रुतगती रस्त्यावर ती नेता येत नाही. किंमत ऐकून तोंड आंबट होईल, जुनीही महाग असते.

कापणीच्या दिवसांत हार्वेस्टर रस्त्यावर असतात आणि अख्खा रस्ता व्यापतात. हॉर्न वाजवू नका. कडेला थांबा, तो माणूस हात करून जाईल.

६. डॉक्टर

नोकरीत असाल तर आरोग्य विम्याचा हक्क पहिल्या दिवसापासून. नसाल तर 3 महिने सलग राहिल्यावर. अर्ज ओशच्या सीपीएएम या आरोग्य विम्याच्या कार्यालयाकडे जातो. शेतीच्या नोकरीत असाल तर मात्र एमएसए या शेतकऱ्यांच्या वेगळ्या संस्थेकडे, आणि चुकीच्या दारात अर्ज टाकला तर तो तिथेच पडून राहतो.

खरी अडचण कार्डाची नाही, डॉक्टरची आहे. प्रत्येकाने एक नेहमीचा डॉक्टर जाहीर करायचा असतो. तो नसेल तर तपासणीचे पैसे 70 ऐवजी 30 टक्केच परत मिळतात. खेड्यातले डॉक्टर निवृत्त होताहेत, उरलेले नवे रुग्ण घेत नाहीत. घर ठरवण्याआधी आसपासच्या दवाखान्यांना फोन करून विचारा. सगळ्यांनी नकार दिला तर तसं सीपीएएमला लेखी कळवा, तिथे यासाठी मध्यस्थ असतो. तुलूझमधला जुना डॉक्टर सोडू नका.

आणीबाणीला 15 हा वैद्यकीय नंबर, 18 अग्निशमन, 17 पोलीस, आणि 112 सगळ्यांसाठी. फोनवर वाडीचं नाव, जवळचं वळण, फाटकाचा रंग सांगता यायला हवा. फ्रेंच कच्चं असेल तर हे वाक्य कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा. मदतीला येणारे बहुधा गावातलेच असतात: फ्रान्समधले दर 5 पैकी साधारण 4 अग्निशामक स्वयंसेवक आहेत, म्हणजे तुमचा गवंडी किंवा बेकरीवाला. वर्षाअखेरीस ते कॅलेंडर विकायला दारी येतात. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी 12 ला भोंगा वाजतो, ती फक्त चाचणी.

७. उबेची तजवीज मे महिन्यात

जुन्या घरात लाकडाची भट्टी असते. लाकूड ‘स्तेर’मध्ये विकतात: एक मीटर लांबीचे ओंडके एक घनमीटर जागेत रचले की एक स्तेर. सापळा इथे आहे. तेच ओंडके 50 सेंटिमीटरचे तुकडे केले की 0.8 घनमीटरमध्ये बसतात, 33 सेंटिमीटरचे केले की 0.7 मध्ये. म्हणजे ढीग लहान दिसला म्हणून विक्रेत्याशी भांडू नका. पण तो तुकड्यांचा एक घनमीटर ‘एक स्तेर’ म्हणून देत असेल तर तुमचा फायदा आहे, गप्प बसा.

ओक घ्या, दोन वर्षं वाळलेला. ओलं लाकूड धूर करतं, चिमणी काजळीने भरते. ऑक्टोबरमध्ये मागायला गेलात तर उरलंसुरलं ओलं गळ्यात मारतात, म्हणून मे-जूनमध्ये मागवून छपराखाली रचून ठेवा. चिमणी वर्षातून किमान एकदा साफ करून घ्या आणि त्याचा दाखला जपा. आग लागली तर विमा कंपनी पहिल्यांदा तोच मागते.

उन्हाळ्याचं उलट. पारा चाळिशीला टेकतो, पण जाड भिंतींची घरं गार राहतात. सकाळी लाकडी झडपा बंद, रात्री उघड्या. दुपारी झडपा उघड्या दिसलं ते घर नव्या माणसाचं, हे गावाला लगेच कळतं.

८. शाळा

3 वर्षांपासून शिक्षण सक्तीचं. नाव मेरीत नोंदवायचं: जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, पत्त्याचा पुरावा. लहान गावं मिळून शाळा चालवतात, म्हणजे पहिली-दुसरी एका गावात आणि पुढचे वर्ग दुसऱ्यात, मध्ये बस. शाकाहारी मुलांसाठी आठवड्यातून एक जेवण मांसविरहित असतं, ते कायद्यानेच. बाकीच्या दिवशी काय, हे मुख्याध्यापिकेशी आणि स्वयंपाकघराशी आधी बोला. गावच्या शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाई ओळखीच्या असतात आणि मार्ग निघतो.

९. बाजार आणि आपलं स्वयंपाकघर

दुकानं दुपारी 12 ते 2 बंद. बेकरी बहुधा सोमवारी बंद. काही गावांत बेकरी उरलेलीच नाही, चौकात पावाचं यंत्र असतं. त्याला सुटी नाणी ठेवा.

आठवडी बाजार मात्र जिवंत आहेत. सामातानला सोमवारी, फ्लरांसला मंगळवारी, लेक्तूरला शुक्रवारी, लील-झुर्दँला शनिवारी. सामातानचा सोमवारचा बाजार बदकांसाठी प्रसिद्ध आहे: सोललेली बदकं आणि त्यांची काळजं लांब टेबलांवर ओळीने मांडलेली असतात, शिट्टी वाजली की विक्री सुरू. शाकाहारी माणसाने एकदा लांबून बघावं आणि भाजीकडे वळावं.

भाजीच्या गाड्यांवर शेतकरी स्वतः उभा असतो. झेर्स हा सेंद्रिय शेतीत देशातल्या आघाडीच्या जिल्ह्यांपैकी एक आहे, आणि आपल्या सुदैवाने इथे छोले आणि मसूरही पिकतात. त्यामुळे बेसन, म्हणजे इथे चण्याचं पीठ, सेंद्रिय दुकानांत सहज मिळतं. पिठलं, भजी, ढोकळा, काही अडत नाही. लोमान्यचा लसूण तर असा की चटणीला वेगळीच धार येते. जून-जुलैत काढणी झाल्यावर वेण्या विकत घ्या, हिवाळाभर टिकतात. मेथी आणि कोथिंबीर परसात मार्च ते मे पेरा. नंतर ऊन वाढलं की कोथिंबीर फुलावर जाते. हिंग, गूळ, पोहे, ज्वारीचं पीठ तुलूझहून.

मोठा सापळा बदकाच्या चरबीचा. ती इथे तेलाच्या जागी असते: बटाट्यात, घेवड्यात, सूपमध्ये. ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, ‘बदकाची चरबी पण नको’ असं वेगळं सांगावं लागतं. क्रूस्ताद नावाची सफरचंदाची पापुद्र्याची मिठाई खाताना तिच्यात आर्मान्याक मद्य असतं, हेही माहीत असू द्या. मी खाते.

१०. शेतीचं वेळापत्रक तुमचंही होतं

एप्रिलमध्ये मोहरीसारखं पिवळं कोल्झा हे तेलबियांचं पीक, जूनअखेर ते जुलैत गव्हाची कापणी, जुलैत सूर्यफुलं, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षं आणि मका, नोव्हेंबरपासून पश्चिमेकडे आर्मान्याकच्या भट्ट्या. कापणीच्या दिवसांत रात्री अकरालाही हार्वेस्टर चालू असतो, कारण पाऊस यायच्या आत दाणा घरी यायला हवा. लसूण सुकत असताना गावभर वास. बदकांच्या गोठ्यांचा वास वर्षभर, दमट हवेत जास्त.

यावर तक्रार करण्याआधी जाणून घ्या: ओलेरों बेटावरच्या मोरिस नावाच्या कोंबड्याविरुद्ध शेजाऱ्यांनी खटला भरला होता आणि 2019 मध्ये निकाल कोंबड्याच्या बाजूने लागला. त्यानंतर 29 जानेवारी 2021 च्या कायद्याने खेड्यातले आवाज आणि वास देशाच्या सामायिक वारशाचा भाग मानले गेले, आणि एप्रिल 2024 च्या कायद्याने, तुमच्या आधीपासून नियमानुसार चालू असलेल्या शेतीविरुद्ध दाद मागणं आणखी अवघड झालं. फवारणीचं मात्र वेगळं. घरापासून किती मीटर अंतर सोडायचं हे औषधानुसार ठरलेलं आहे. शंका असेल तर आधी शेतकऱ्याशी बोला, कुंपणाशी, शांतपणे. मोबाईल उगारून चित्रीकरण करत गेलात तर पुढची दहा वर्षं कोणी बोलणार नाही.

बदकांच्या गोठ्यात न विचारता पाय ठेवू नका, मुलांना तर मुळीच सोडू नका. बर्ड फ्लूने या जिल्ह्यातले कळप वारंवार मारावे लागले आहेत. ऑक्टोबर 2023 पासून बदकांना लस सक्तीची झाली, तरी बूट बदलल्याशिवाय आत जायचं नाही हा नियम कडक आहे.

शिकारीचा मुख्य हंगाम सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेर. रानडुकरांचा हाका असेल तर रस्त्याच्या कडेला पाटी लावतात. त्या दिवशी तो रस्ता सोडा, बाकी दिवशीही झाडीत भडक नारिंगी जाकीट घाला, कुत्र्यालाही. ऑक्टोबरच्या मध्यावर रानकबुतरांचे थवे दक्षिणेकडे जाऊ लागले की गावातले पुरुष गायब होतात. 18 ऑक्टोबरच्या आसपास प्लंबर मिळण्याची आशा धरू नका. तो झाडावरच्या मचाणात बसलेला असतो. जंगलात फांद्यांनी झाकलेली बोगद्यासारखी वाट दिसली तर तिथून मागे फिरा, ती कबुतरांच्या शिकाऱ्यांची जागा.

उन्हाळ्यात पाणीबंदीचे आदेश निघतात. इथल्या नद्यांना स्वतःचं पाणी थोडं. 19व्या शतकात बांधलेला नेस्त कालवा पिरेनीजचं पाणी आणून त्यांच्यात सोडतो, त्यावरच मका उभा असतो. बागेला पाणी कधी घालता येईल ते व्हिजिओ या संकेतस्थळावर पत्ता टाकून बघा. पालापाचोळा जाळणंही बेकायदा आहे. तो कचराकेंद्रात न्या किंवा खत करा.

११. माणसं

दुकानात, दवाखान्यात, बसथांब्यावर, आत शिरताच ‘बोंझूर’. सगळ्यांना ऐकू जाईल असं. ते न म्हणता थेट प्रश्न विचारणाऱ्याला उद्धट समजतात, मग फ्रेंच कितीही छान असो. म्हाताऱ्यांना आदरार्थी ‘वू’ म्हणा. ‘त्यू’ म्हणायला ते सांगतील तेव्हा. शेजाऱ्यांनी संध्याकाळी अपेरोला, म्हणजे जेवणाआधीच्या पेयपानाला बोलावलं तर वेळेच्या दहा मिनिटं उशिरा जा, रिकाम्या हाताने जाऊ नका, आणि ते जेवणाचं आमंत्रण नाही हे ओळखून दीड-दोन तासांनी उठा. तुम्ही चकल्या नेल्यात तर पुढच्या वेळी त्यांची आठवण काढली जाईल.

जानेवारीत सरपंचांचं शुभेच्छाभाषण असतं, सोबत केक आणि वाइन. त्याला जा, वर्षभरात कुठला रस्ता खणणार हे तिथेच कळतं. 11 नोव्हेंबरला युद्धस्मारकापाशी सगळे जमतात आणि 1914-18 मध्ये मेलेल्यांची नावं वाचली जातात. शंभर घरांच्या गावात वीस-पंचवीस नावं असतात, कधी एकाच आडनावाची तीन. त्याच युद्धात भारतीय पलटणी 1914 च्या शरदात मार्सेयला उतरून उत्तरेला लढल्या, आणि नव्ह-शापेलला त्यांचं स्मारक 1927 पासून उभं आहे. इथल्या पुष्कळांना हे ठाऊक नसतं. विचारलं तर सांगा, ऐकून घेतात.

हिवाळ्यात सभागृहात लोतो हा हाऊजीचा खेळ. आकडे ऐकून ओळखायचा यापेक्षा स्वस्त वर्ग नाही, आणि बक्षीस बहुधा बदक. सप्टेंबरमध्ये तालुक्याच्या गावी संस्थांचा मेळा भरतो: गायन, भटकंती, रग्बी, भाजीबाग. एकात तरी नाव घाला.

आणि गावची जत्रा, जुलै-ऑगस्टमध्ये. ती भरवणाऱ्या समितीला दरवर्षी माणसं कमी पडतात. मेमध्येच जाऊन सांगा की खुर्च्या मांडायला, ताटं धुवायला येतो. सामूहिक जेवणाच्या पत्रकावर ‘आपली भांडी आणा’ असं लिहिलेलं असेल तर ते शब्दशः घ्या: ताट, वाटी, पेला, सुरी, काटा, सगळं टोपलीत घालून न्यायचं. शाकाहारी असाल तर नाव नोंदवताना सांगा, बदकाच्या चरबीसकट.